बेस गिटारच्या तारा मधोमध नाहीत: दोष, की नुसतं डोळ्याला खुपणं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार तारांचा, फेंडर कंपनीच्या जॅझ बेसच्या धाटणीचा, स्क्रूने जोडलेल्या नेकचा (लांब दांडीचा) नवा बेस. वरून पाहिलं तर तारा पिकअपच्या (तारांचा कंप टिपणाऱ्या चुंबकी भागाच्या) पोलवरून, म्हणजे त्यातल्या चुंबकी दांड्यांवरून, जात नाहीत, जरा एका बाजूला सरकलेल्या दिसतात. बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) पुढे सगळ्यात बारीक 'जी' (G) तार फ्रेटबोर्डच्या कडेला जवळ आलेली, तर सगळ्यात जाड 'ई' (E) तार तितकीच आत गेलेली. आवाजात काही खटकत नाही. मग बेस परत करायचा, दुरुस्त करायचा, की तसाच वाजवायचा?

यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत, ते आधी वेगळे करू. तार पोलच्या संदर्भात सरकलेली असणं ही बहुतेक वेळा फक्त दिसण्याची बाब असते. जी तार फ्रेटच्या टोकाजवळ असणं ही मात्र वाजवण्याची बाब ठरू शकते, कारण पुल-ऑफ करताना (दाबलेली तार त्याच बोटाने ओढून सोडताना) किंवा बोट हलवून कंप देताना तार फ्रेटवरून घसरून खाली पडते. दोन्हींचं मूळ कधी एकच असतं, कधी नसतं. म्हणून एकही स्क्रू सैल करण्याआधी मोजा.

पोल आणि तार

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकू. जॅझ बेसच्या पिकअपमध्ये प्रत्येक तारेला दोन पोल असतात आणि तार त्या दोघांच्या मधून जाणं अपेक्षित असतं. १९५७ पासूनच्या प्रिसिजन बेसच्या दुभंगलेल्या पिकअपचंही तेच. त्यामुळे 'एकही तार पोलवर नाही' हे या दोन्ही बेसवर बरोबर जुळणीचं लक्षण आहे. १९५१ चा मूळ प्रिसिजन किंवा १९७६ चा म्युझिक मॅन स्टिंगरे यांच्या पिकअपमध्ये मात्र कॉइलमागे प्रत्येक तारेला एकच पोल असतो, आणि तिथे तार पोलच्या माथ्यावरून जावी अशी अपेक्षा असते. ज्या पिकअपच्या आत पोलऐवजी सलग पट्टी असते, तिथे तर हा प्रश्नच उद्भवत नाही. आवरणावर छापलेले गोल ठिपके कधीकधी नुसते शोभेचे असतात, तेव्हा ते बघून काळजी करू नका.

दोन पोलच्या मांडणीत तार एक-दीड मिलिमीटर सरकली तर ती एका पोलच्या जवळ जाते आणि दुसऱ्यापासून तेवढीच लांब होते. दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांत मिसळून तारेखाली रुंद पट्टा तयार झालेला असतो, त्यामुळे एकूण आवाजात फारसा फरक पडत नाही. एका पोलच्या मांडणीत फरक जास्त पडतो, पण तिथे पोलची जाडी मदतीला येते. फेंडर पद्धतीच्या नेहमीच्या चुंबकी दांड्या ५ मिमीपेक्षा किंचित कमी जाड असतात, तर स्टिंगरेचे पोल सुमारे साडेनऊ मिमी रुंद. इतक्या रुंद पोलवर तार २ मिमी सरकली तरी ती पोलच्या वरच असते.

थोडं खोलात जायचं तर, पिकअप मुख्यतः तारेच्या खाली-वर होणाऱ्या हालचालीला प्रतिसाद देतं. तार पोलच्या अगदी मध्यावर असेल तेव्हा तिच्या आडव्या हालचालीतून जवळजवळ काहीच मूळ स्वर मिळत नाही, कारण मध्यापासून डावीकडे गेली काय नि उजवीकडे गेली काय, क्षेत्रातला बदल सारखाच होतो. तार बाजूला सरकली की आडव्या हालचालीतूनही थोडा सिग्नल येऊ लागतो. म्हणजे सरकलेल्या तारेचा आवाज कमी होतोच असं नाही, त्याचा पोत किंचित बदलतो. बँडमध्ये वाजवताना तो ओळखणारे कान फार थोडे.

डोळा कसा फसवतो

बेस गळ्यात अडकवून खाली पाहिलं की नजर तिरकी पडते. तार पोलच्या वर ४ मिमी असेल आणि तुम्ही ४५ अंशातून पाहत असाल, तर तार तिच्या खऱ्या जागेपासून पूर्ण ४ मिमी जी बाजूला सरकल्यासारखी दिसते. म्हणजे जवळजवळ एका पोलच्या जाडीएवढा खोटा फरक! 'सगळ्या तारा खालच्या बाजूला सरकल्यात' अशा तक्रारींपैकी कितीतरी इथेच संपतात.

खरी स्थिती पाहायची तर बेस टेबलावर सपाट ठेवा, एक डोळा मिटा आणि ज्या तारेचं पाहायचं तिच्या बरोबर वर डोळा आणा. दुसऱ्या तारेसाठी डोकं हलवा. फोनने फोटो काढणार असाल तर जवळून काढू नका. दीड-दोन मीटरवरून, पिकअपच्या बरोबर वर फोन धरून झूम करा. जवळून काढलेल्या फोटोत मधल्या तारा बरोबर आणि बाहेरच्या दोन बाहेर फाकलेल्या दिसतात.

आवाजाची खरी चाचणी

कानाने तपासायचं असेल तर टोन पूर्ण उघडा, एकाच पिकअपचा आवाज ठेवा, आणि प्रत्येक तार पाचव्या फ्रेटवर एकाच बोटाने, एकाच जागी, सारख्या जोराने दहा-बारा वेळा छेडा. रेकॉर्डिंगची सोय असेल तर फारच बरं. कॉम्प्रेसर (आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारं यंत्र) बंद ठेवून चारही तारांची पातळी पाहा. दोन तारांमध्ये १ डेसिबलचा फरक जेमतेम जाणवतो आणि तेवढा तर हाताच्या जोरातूनच येतो. ३ डेसिबल आणि त्याहून जास्त फरक वाजवताना नक्की कळतो.

दुसरी चाचणी आणखी सोपी आहे. दहाव्या-बाराव्या फ्रेटवर डी किंवा जी तार छेडून ती बाजूला ओढत न्या आणि ऐका. पिकअपवर तार थोडी थोडी सरकत जाते. आवाज एकसारखा राहिला तर मिलिमीटरभराची चूक तुमच्या पिकअपला कळतच नाही, हे तिथेच सिद्ध झालं. एकेका पोलच्या पिकअपवर तार दोन पोलच्या मधल्या पोकळीकडे जाताना आवाज किंचित बसतो. तसं झालं तर जुळणीकडे लक्ष द्यायला कारण आहे.

एखादी तार दबलेली असेलच, तर जुळणीच्या आधी पिकअपची उंची तपासा. उंचीतला अर्धा मिलिमीटर हा बाजूच्या एका मिलिमीटरपेक्षा बऱ्याचदा जास्त बोलतो. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून तारेच्या खालच्या कडेपासून पोलच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजायचं. ई बाजूला सुमारे ३ मिमी आणि जी बाजूला सुमारे २.४ मिमी इथून सुरुवात करा आणि कानाने पुढे जा. पिकअप फार वर आणू नका. चुंबक जाड तारेला ओढू लागला की वरच्या (बॉडीकडच्या) फ्रेटवर ई तार डगमगते, एकाच स्वरात दोन स्वर मिसळल्यासारखे ऐकू येतात, आणि मग लोक त्याचा दोष इंटोनेशनला (प्रत्येक फ्रेटवर स्वर अचूक लागण्याच्या जुळणीला) देतात.

कडेचं अंतर: इथे मोजमाप हवं

स्टीलची अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची पट्टी किंवा व्हर्नियर कॅलिपर घ्या. नटजवळ (नेकच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीजवळ), बाराव्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर, फ्रेटबोर्डच्या कडेपासून ई आणि जी तारेपर्यंतचं अंतर मोजा. बेस सुरात असू द्या. ढिल्या तारांवरचं माप निरुपयोगी.

मोजताना एक खोच लक्षात ठेवा. ०.१०५ इंची ई तार २.६७ मिमी जाड असते आणि ०.०४५ इंची जी तार १.१४ मिमी. कडेपासून तारेच्या बाहेरच्या बाजूपर्यंत मोजलं, तर तारांचे मध्य अगदी काटेकोर जुळलेल्या बेसवरही ई बाजूचं अंतर जी बाजूपेक्षा पाऊण मिलिमीटरने कमी येईल. म्हणून बाहेरच्या बाजूपर्यंतच्या मापात त्या तारेची अर्धी जाडी मिळवा: ई साठी १.३ मिमी, जी साठी ०.६ मिमी. मग तुलना करा.

मधल्या अंतरांचंही तसंच. नटवर ई ते जी मध्यापासून मध्यापर्यंत ३० मिमी आणि तिन्ही अंतरं १०-१० मिमी धरली, तर जाडीमुळे ई आणि ए यांच्यातली मोकळी जागा सुमारे ७.६ मिमी राहते, तर डी आणि जी यांच्यातली ८.६. बोटांना मोकळी जागा सारखी लागावी म्हणून काही कारागीर मध्यांची अंतरं १०.५, १० आणि ९.५ अशी ठेवतात. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. फक्त 'ए तार मधोमध नाही' म्हणून नट बदलायला निघू नका.

आता किती फरक चालतो? ३८.१ मिमी रुंद नटच्या जॅझ नेकवर तारेच्या मध्यापासून कडेपर्यंत नटजवळ साधारण ४ मिमी, बाराव्या फ्रेटवर सव्वासहा आणि शेवटच्या फ्रेटवर सात मिमीच्या आसपास जागा असते. नेक तारांपेक्षा लवकर रुंद होतो, त्यामुळे वरच्या फ्रेटवर जागा वाढतच जाते. ब्रिजजवळ (बॉडीवर तारा जिथे अडकवलेल्या असतात तिथे) तारा २ मिमी चुकल्या तर बाराव्या फ्रेटवर त्या १ मिमी सरकतील. एका बाजूला सव्वापाच, दुसऱ्या बाजूला सव्वासात. डोळा दोन्ही बाजूंची तुलना करतो, म्हणून १ मिमीची चूक त्याला २ मिमीची दिसते आणि बेस वाकडा वाटतो. बोटांना मात्र सव्वापाच मिमी पुरेसे असतात.

चिंतेची रेषा फ्रेटच्या टोकावर आखा. फ्रेटची टोकं उतरती घासलेली असतात, त्यामुळे कडेचा सुमारे मिलिमीटरभर भाग तारेला आधार देत नाही. जी तारेची बाहेरची बाजू कुठल्याही फ्रेटवर कडेपासून अडीच-तीन मिमीच्या आत आली, तर पुल-ऑफ करताना ती घसरण्याची शक्यता खरी आहे. त्याहून जास्त जागा असेल तर चौथ्या, सातव्या आणि बाराव्या फ्रेटवर जोरात पुल-ऑफ करून बघा. घसरत नसेल तर विषय संपला. ई बाजूला थोडी कमी जागा चालते, कारण तिथे बोटं तार कडेकडे ओढत नाहीत. काही कारागीर याच कारणाने नट कोरताना जी बाजूला मुद्दाम थोडी जास्त जागा सोडतात.

इंटोनेशन बिघडेल ही भीती सोडून द्या. नटपासून ब्रिजपर्यंतच्या ८६३.६ मिमी लांबीवर तार एका टोकाला २ मिमी बाजूला गेली, तर तिची लांबी सुमारे ०.००२ मिमीने वाढते. ते कुठल्याही ट्यूनरला दिसत नाही.

चूक कुठे आहे

प्रत्येक मापात ई बाजूच्या अंतरातून जी बाजूचं अंतर वजा करून दोनाने भागा. आलेला आकडा म्हणजे त्या जागी तारा मध्यापासून किती सरकल्या आहेत ते. आता तीन आकड्यांची चाल पाहा. नटजवळ शून्य, बाराव्या फ्रेटवर १ आणि विसाव्या, म्हणजे शेवटच्या, फ्रेटवर १.४ मिमीच्या आसपास, अशी चढती चाल असेल तर नट निर्दोष आहे. चूक नेकच्या कोनात किंवा ब्रिजमध्ये आहे. नटजवळ १, बाराव्यावर अर्धा आणि विसाव्यावर ०.३ अशी उतरती चाल असेल तर नटच्या खाचा चुकल्यात.

नेक की ब्रिज हे पिकअप सांगतात, कारण पिकअप आणि ब्रिज दोन्ही बॉडीवर पक्के असतात. ब्रिज १ मिमी चुकला असेल तर तारा दोन्ही पिकअपवर एकाच दिशेला, जवळजवळ तेवढ्याच सरकलेल्या दिसतात. नेक फिरलेला असेल तर नेकवर फरक ठळक असतो, पण पिकअपवर तारा जवळपास जागेवरच असतात. एकच पिकअप चुकीचं दिसत असेल तर ते पिकअप किंवा त्याची खोबण सरकलेली आहे.

चौथी शक्यता वेगळीच असते: ई तार एका दिशेला आणि जी तार उलट दिशेला चुकलेली, मधल्या दोन ठीक. ही मापाची गडबड. तारा नटकडे जवळ येत जातात, त्यामुळे ब्रिजवर १९ मिमी अंतर असलेल्या बेसवर ब्रिजजवळच्या पिकअपपाशी ते सुमारे १८.४ आणि नेकजवळच्या पिकअपपाशी सुमारे १७.४ मिमी असतं. तीन अंतरं मिळून तीन मिलिमीटरचा फरक झाला. म्हणून फेंडर मापाच्या जॅझ जोडीत ब्रिजचं पिकअप नेकच्या पिकअपपेक्षा सुमारे ३ मिमी लांब असतं. पिकअप बदलताना दोन्ही एकाच लांबीची घेतली गेली, की एका ठिकाणी बाहेरच्या तारा दीड-दीड मिमी चुकतात. पाच तारांच्या बेसवर ही गडबड जास्त, कारण तिथे ब्रिजवरचं अंतर साडेसोळापासून एकोणीस मिमीपर्यंत काहीही असू शकतं आणि पोल असलेलं पिकअप एकाच अंतरासाठी बनतं. तिथे आत सलग पट्टी असलेलं पिकअप घेणं हा सगळ्यात कमी डोकेदुखीचा मार्ग.

मोजणी करण्याआधी नेकला पीळ आहे का तेही एकदा बघून घ्या. ब्रिजच्या बाजूने नटकडे नजर लावून पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटच्या रेषा समांतर दिसतात का ते पाहा. पीळ असेल तर पुढचे कुठलेच उपाय त्याला लागू पडत नाहीत.

दुरुस्ती: आधी सॅडल

सगळ्यात स्वस्त उपाय सॅडलमध्ये (ब्रिजवर तार जिच्यावर टेकते त्या तुकड्यात) असतो आणि तोच लोक सगळ्यात शेवटी पाहतात. जुन्या पद्धतीच्या ब्रिजवर सॅडल म्हणजे आटे पाडलेली गोल नळी असते. तार कुठल्या आट्यात बसवायची हे तुमच्या हातात असतं. तार सैल करा, उचला, एक-दोन आटे बाजूला ठेवा, परत सुरात आणा. चारही तारा एकाच दिशेला चुकल्या असतील तर चारही सरकवा. अनेकदा नव्या बेसवरची 'चूक' म्हणजे तार बसवताना ती चुकीच्या आट्यात पडलेली असते, एवढंच.

सॅडलच्या उंचीचे दोन्ही बारीक स्क्रू सारख्या उंचीवर आहेत का तेही पाहा. एक बाजू खाली असेल तर सॅडल तिरकं होतं आणि जोरात वाजवताना तार उताराकडे सरकत जाते. ब्रिजमागचं भोक आणि सॅडल यांतलं अंतर २५ मिमी धरलं, तर तार १ मिमी बाजूला ओढल्यावर तिथे दोन अंशांपेक्षा जास्त कोन होतो. तारेवर १६ ते २० किलोचा ताण असतो, म्हणजे अर्ध्या किलोहून जास्त जोर तिला आडवा ढकलत राहतो. म्हणून सॅडलवर ५ मिमी सरकवून मोठी चूक झाकायला जाऊ नका. तार पुन्हा आपल्या जागी उडी मारेल आणि तेही वाजवत असताना.

एकेक खाच कोरलेल्या सॅडलवर ही सोय नसते. तिथे शेलर ३डी-४ सारखा ब्रिज उपयोगी पडतो, त्यात प्रत्येक तारेची चाकी आट्यावरून डावी-उजवी फिरवता येते. खाच नसलेली सॅडल असतील तर खाच पाडण्याआधी तारा हलक्या ताणावर ठेवून हव्या त्या अंतरावर सरकवा, पेन्सिलने खूण करा, मग तारेच्या जाडीच्या गोल कानशीने कोरा. एकदा पाडलेली खाच बुजवता येत नाही.

नेक सरकवणं

आकड्यांची चाल चढती असेल आणि पिकअपवर तारा ठीक असतील तर नेक फिरवावा लागतो. स्क्रूने जोडलेल्या नेकवर हे काम मोजून दहा मिनिटांचं आहे, पण हलक्या हाताने करायचं.

ए आणि डी तारा सैल करा. ई आणि जी अंदाजे तीन-चार सूर खाली उतरवा, पण ताणलेल्या ठेवा. त्याच तुमच्या मोजपट्ट्या आहेत. नेकचे चारही स्क्रू फक्त पाव ते अर्धी फेरी सैल करा. जास्त सैल केले तर तारांचा ताण नेकला वर उचलतो आणि नेक बसतो त्या बॉडीतल्या खोबणीत फट राहते. बॉडी मांडीवर किंवा टेबलावर दाबून धरा आणि हेडस्टॉकला (नेकच्या खुंट्या असलेल्या टोकाला) बाजूने ढकला.

दिशा अनेकांची चुकते. जी तार कडेजवळ असेल आणि तिला आत आणायचं असेल, तर हेडस्टॉक ई तारेच्या बाजूला ढकलायचा. नेक फिरतो तो खोबणीपाशी; नट ई बाजूला गेला की ब्रिजपासून नटपर्यंतची तारेची रेषाही वरच्या फ्रेटवर ई बाजूला जाते. ई तार आत आणायची असेल तर उलट.

जोर अगदी थोडा लागतो, कारण नेक लांब तरफेसारखं काम करतो. खोबण ९० मिमी लांब धरली आणि नेकचं एक टोक त्यात ०.३ मिमी हललं, तर नट सुमारे २ मिमी सरकतो आणि विसाव्या फ्रेटवर तारा सुमारे ०.६ मिमी. इतकीच हालचाल हवी असते. हलका 'कट' असा आवाज येतो, तो लाकूड सुटल्याचा, घाबरू नका. मात्र खोबणीच्या कडेला रंग नेकला चिकटलेला असेल तर ढकलण्याआधी धारदार पात्याने त्या रेषेवरून हळू ओढा, नाहीतर बॉडीचा रंग तडकतो.

ढकललेल्या स्थितीत धरूनच स्क्रू कर्णाच्या क्रमाने घट्ट करा. हाताचा पेचकस, पॉवर ड्रिल नाही. ए आणि डी तारा परत घाला, सुरात आणा, पुन्हा मोजा.

नेक हललाच नाही तर बहुतेक वेळा बॉडीतली भोकं स्क्रूला घट्ट पकडून असतात. स्क्रूचे आटे फक्त नेकच्या लाकडात रुतायला हवेत. बॉडीतून तो मोकळा जायला हवा. ४ मिमी स्क्रूसाठी बॉडीतलं भोक साडेचार ते पाच मिमीचं करा. नेकमधल्या भोकांना हात लावू नका. परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवून जुन्या आट्यात बसल्याचा टिचका ऐका, मग घट्ट करा. दर वेळी नवे आटे पाडले तर मेपलमधली भोकंही झिजतात.

नेक सरकतो पण काही दिवसांत परत येतो, असं झालं तर खोबण सैल आहे. फट असलेल्या बाजूला खोबणीच्या भिंतीला कडक लाकडाची पातळ पट्टी किंवा जुन्या प्लॅस्टिक कार्डाचा तुकडा लावा. कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं, हवं तर घासून पातळ करा. बाजूच्या भिंतीला, तळाला नाही. तळाला लावलात तर नेकचा कोन आणि तारांची उंची दोन्ही बदलतील.

बॉडीतून आरपार गेलेला नेक, उदाहरणार्थ रिकनबॅकर ४००३, असेल तर हा मार्ग बंद. तिथे फक्त सॅडल, ब्रिज आणि नट.

ब्रिज आणि नट

ब्रिज सरकवणं शेवटचा उपाय. १ मिमी बाजूला नवं भोक पाडता येत नाही, ड्रिल जुन्या भोकातच घसरतं. आधी जुन्या भोकांत कडक लाकडाच्या खुंट्या गोंदाने बसवा, एक दिवस सुकू द्या, सपाट कापा, मग स्क्रूसाठी नवी बारीक पायलट भोकं पाडा. जागा ठरवताना नुसत्या ब्रिजच्या मध्यावर विश्वास ठेवू नका. ई आणि जी तारेऐवजी दोन घट्ट दोरे नटपासून सॅडलपर्यंत ताणा, कडेची अंतरं जुळवा आणि मगच खूण करा. ब्रिजखाली अर्थिंगची तार असते, ती बसवताना परत ब्रिजच्या धातूला टेकली पाहिजे. ती सुटली तर बेस गुणगुणायला लागतो आणि माणूस पिकअपमध्ये बिघाड शोधत बसतो.

नट चुकला असेल तर सरळ नवा कोरून घ्या. चुकीची खाच भरून परत कोरलेली काही महिन्यांत झिजते आणि मोकळी तार फरफरते.

परत करायचा का

बेस नवा आहे आणि परतीची मुदत शिल्लक आहे, तर सॅडलचे आटे आणि नेक ढकलणं यापलीकडे स्वतः काही करू नका. बॉडी किंवा नेकमध्ये ड्रिल चाललं की परतीचा मार्ग बंद होतो. दोन्ही करूनही जी तार कुठल्याही फ्रेटवर अडीच मिमीच्या आत राहत असेल, ब्रिज चुकीच्या जागी ठोकलेला असेल किंवा नेकला पीळ असेल, तर परत करा. त्यापेक्षा कमी फरक असेल, चारही तारांचा आवाज सारखा असेल आणि तार घसरत नसेल, तर ठेवा. आणि तारा पोलवर बरोबर दिसतात म्हणून त्याच धाटणीचा दुसरा बेस घेणार असाल तर तोही आधी वरूनच, एक डोळा मिटून बघा.

वरीलपैकी काहीही हललं असेल तर त्याच दिवशी आणखी तीन गोष्टी तपासा. नेक हलला असेल तर बाराव्या फ्रेटवरची तारांची उंची. सॅडल किंवा ब्रिज हलला असेल तर इंटोनेशन, कारण सॅडल पुढे-मागे झालेलं असू शकतं. आणि शेवटी पिकअपची उंची. नेकचे स्क्रू आठवड्याने पुन्हा एकदा हाताने तपासा, सैल झालेलं लाकूड बसायला तेवढा वेळ घेतं.